लोंढे सर आणि खालची तार

लोंढे सर आधी उचलायचे, मग ऐकायचे. माझ्या दुकानात येणारं बाकीचं जग नेमकं याच्या उलट वागतं. लोक येतात, आवाज मोठा करायला लावतात, छातीत धडधडलं की माना डोलावतात आणि मग स्पीकरची पेटी टेम्पोत चढवायला चार माणसं शोधत बसतात. सर पेटीचं हँडल धरायचे, उचलायचे आणि दुकानाबाहेर चालू पडायचे. रस्ता ओलांडून समोरच्या चिंचेपर्यंत जायचे, पेटी खाली न टेकवता झाडाला वळसा घालायचे आणि परत यायचे. दम लागला असेल तर "नाही" म्हणायचे. मग ती पेटी कितीही गोड बोलणारी असो, तिला पिन लावायलासुद्धा ते तयार नसत.

"जे आपल्याच्यानं उचलत नाही, ते आपलं नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला पहिल्या दिवशी ते आगाऊपणाचं वाटलं होतं.

माझं दुकान नाशिक रोडला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. दुकान वडिलांचं. अँप्लिफायरची दुरुस्ती आणि ऑर्डरप्रमाणे स्पीकरच्या पेट्या. वडील गेले तेव्हा नातेवाईक म्हणाले, सुनीता, गाळा भाड्यानं देऊन टाक. मी नाही दिला. अजूनही निम्मे लोक आत येऊन माझ्या डोक्यावरून मागे बघत विचारतात, मालक कुठेत? माझा स्वभाव तापट आहे आणि त्याला ही माणसं बरीच जबाबदार आहेत. वडिलांनी मला लाकूड कापायला शिकवलं, कॉइल गुंडाळायला शिकवलं आणि एक नियम दिला: गिऱ्हाइकाच्या कानावर कधी शंका घ्यायची नाही. आवाज बरोबर नाही असं तो म्हणाला, तर पेटी उघडायची. खोटं बोलत असेल तर खोकं बोलत असेल. मी हा नियम वीस वर्षं पाळला. लोंढे सरांच्या बाबतीत जरा जास्तच पाळला.

सर म्हणजे शिक्षक नव्हेत. सातपूरच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या मशिनवर त्यांनी उभा जन्म काढला होता. पण जेल रोडच्या घरी संध्याकाळी आसपासच्या पोरांना गिटार शिकवायचे, रविवारी चर्चमध्ये डबल बास वाजवायचे, म्हणून सर. सत्तरी ओलांडलेली, अंगानं किडकिडीत, शर्ट कायम इस्त्रीचा. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची सवय. मला ती बिलकूल आवडली नव्हती. बाईमाणसाच्या तोंडाकडे असं कोण बघतं? मी दोन-तीनदा मुद्दाम पाठ फिरवून बोलले, तर त्यांनी उत्तरच दिलं नाही. म्हातारा शिष्ट आहे, असं मी मनात नोंदवून ठेवलं.

डबल बास म्हणजे माणसापेक्षा उंच व्हायोलिन, असं समजा. उभ्यानं वाजवायचं, कवेत घेऊन. त्याला चार जाड तारा. वरची जी, मग डी, मग ए आणि सगळ्यात खालची ई, परकराच्या नाडीएवढी. सर ई पासून सुरुवात करायचे. ती एकदा छेडायची आणि तिचा आवाज पार मरेपर्यंत थांबायचं, मग ए, मग डी, मग जी. मी एकदा म्हटलं, उलटं का हो? तर म्हणाले, घर पायापासून बांधतात.

त्यांच्या बासचं नाव थोरली. ती इगतपुरीची. तिथे रेल्वेवाल्यांच्या क्लबात पूर्वी नाचाच्या पार्ट्या व्हायच्या आणि एक गार्डसाहेब तिथे हा बास वाजवायचे. सतरा वर्षांचे लोंढे खिडकीबाहेर उभे राहून ऐकायचे. गार्डसाहेब देश सोडून निघाले तेव्हा त्यांनी या पोराला आत बोलावलं आणि म्हणाले, उचलता येत असेल तर घेऊन जा. क्लबापासून स्टेशनापर्यंत लोंढे दोनदा पडले. दुसऱ्यांदा पडले तेव्हा बासच्या कुशीला चीर गेली, ती शेवटपर्यंत होती. पण मदत कुणाची घेतली नाही. तेव्हापासून उचलण्याचा हा नियम.

थोरलीला त्यांनी ट्रकच्या ताडपत्रीचं कव्हर स्वतः शिवलं होतं. त्या कव्हरात ती उभी असली की एक वेळ ठीक, पण रिक्षात आडवी घातली की अंगावर काटा यायचा. मान बाहेर, तिला लाल फडकं बांधलेलं, आणि आत खाकी कापडात गुंडाळलेलं ते लांब, खांदे असलेलं काहीतरी. त्यांचा रिक्षावाला ठरलेला, एकनाथ. एकनाथनं मला सांगितलं, एकदा सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरच्या म्हातारीनं रिक्षाकडे बघून हात जोडले. सरांनी आतून तिला उलट नमस्कार केला. एकनाथ हसायला लागला, तर सर म्हणाले, "तिची काही चूक नाही. जाणारं कुणीतरी आहेच आत."

मला ही गोष्ट ऐकून हसू आलं नाही. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

ते पहिल्यांदा आले ते एका नोकरीवाल्या पोरामुळे. इंदिरानगरचा निखिल, दिवसा कॉम्प्युटरवर काम आणि शनिवार-रविवार गिटार. त्यानं, त्याच्या एका मित्रानं आणि सरांनी मिळून तिघांचा संच केला होता आणि गंगापूर धरणाच्या बाजूला, वाइनच्या एका द्राक्षमळ्यात रविवारी संध्याकाळी ते वाजवायचे. चार भिंतींत डबल बासला पेटीची गरज नसते. उघड्यावर मात्र त्याचा आवाज मातीत जिरतो. म्हणून पेटी हवी. आणि ती सरांना स्वतःला उचलता यायला हवी, एका हातानं, कारण दुसऱ्या हाताला आणि पाठीला थोरली.

मी म्हटलं, तो निखिल धडधाकट आहे, तो उचलेल. सर म्हणाले, "ज्या दिवशी तो माझी पेटी उचलेल, त्या दिवशी तो माझी जागाही बघायला लागेल."

मी पंधरा इंची स्पीकरची दाखवली. त्यांनी ती दाराच्या उंबऱ्याशीच परत ठेवली. बारा इंची घेऊन ते चिंचेपर्यंत गेले आणि येताना रस्त्याच्या मधोमध श्वास घ्यायला थांबले. मागून पाण्याचा टँकर आला. ड्रायव्हरनं हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. सर हलेनात. टँकर त्यांच्या पाठीशी हातभर अंतरावर करकचून थांबला. सरांनी हँडल दुसऱ्या हातात घेतलं आणि शांतपणे चालत दुकानात आले. ड्रायव्हरनं त्यांच्या सात पिढ्या उद्धारल्या. मी पण दुकानात उभी राहून म्हटलं, काय अडेलतट्टू माणूस आहे. आम्हा सगळ्यांनाच तो हट्ट वाटला.

शेवटी दहा इंची घेतली. हलका प्लाय, हलकं चुंबक. चिंचेपर्यंत जाऊन आले, दम नाही. मग ऐकली. समोर उभं राहून नाही. पेटीच्या पाठीवर तळहात ठेवून, डोळे मिटून. मी म्हटलं, आवाज पुढून येतो, सर. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

हे झालं उन्हाळ्यात. पावसाळ्याच्या तोंडावर ते पेटी घेऊन परत आले. वरची तार, जी, बोलत नाही म्हणाले. वाजते, पण नाक गेलंय तिचं. मी पेटी उघडली, सगळं तपासलं, काही सापडलं नाही. पण वडिलांचा नियम. मी वरच्या सुरांसाठी एक छोटा स्पीकर जोडून दिला. सर आनंदानं गेले.

गणपती झाल्यावर पुन्हा. आता डी मेली आहे. मी पुन्हा उघडली, पुन्हा निर्दोष. वरचे सूर आणखी चढवले, खालचे थोडे दाबले. माझ्या कानाला ते कर्कश लागत होतं, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं, पण सर मान हलवून म्हणाले, हां, आता जरा जीव आला. मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या दिल्या. वीस वर्षं पेट्या बनवतेय आणि एक दहा इंची मला कळेना. झोपेत सुद्धा त्या पेटीची वायरिंग दिसायची. शंका मी स्पीकरवर घेतली, बासला लावलेल्या, तारेचा हादरा टिपणाऱ्या पिकअपवर घेतली, वायरवर, लाकडाच्या ओलीवर घेतली. माणूस सोडून सगळ्यावर घेतली.

दिवाळीनंतर ते तिसऱ्यांदा आले. ए तार. मला वाटलं आता वेड लागेल. पेटी चालू करून मी स्टुलावर बसले, सर तिच्या पाठीवर तळहात ठेवून ए बद्दल सांगत होते. तेवढ्यात भजनी मंडळाचे एक काका माइक घ्यायला आले होते, त्यांनी माइक हातात घेतला आणि चुकून मोठ्या स्पीकरसमोर धरला. जी शिट्टी उठली! माइक आणि स्पीकर एकमेकांना ऐकू लागले की होते ती, कवटी चिरणारी. काकांनी माइक टाकून कान झाकले. मी कान झाकले. चिंचेखालचं कुत्रं उठून पळालं. शेजारचा झेरॉक्सवाला बाहेर येऊन ओरडायला लागला.

आणि लोंढे सर माझ्या तोंडाकडे बघत, मंद हसत, ए तारेबद्दल सांगत होते. त्यांचं वाक्यसुद्धा तुटलं नाही.

मी जाऊन मेन स्विच बंद केला. काकांना कशीबशी वाटेला लावलं. परत आले तेव्हा सरांनी पेटीवरचा हात काढला होता. माझा चेहरा त्यांनी वाचला होता, चेहरे वाचण्यात तर त्यांची हयात चालली होती.

"शिट्टी होती का?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"मोठी?"

मी पुन्हा मान हलवली. ते स्टुलावर बसले आणि मग सगळं सांगितलं, कुणा तिसऱ्याच माणसाची हकिगत असावी तसं. सहा-सात वर्षांपूर्वी पहिल्यांदा कुकरची शिट्टी गेली. मग दाराची बेल. मग सकाळची पाखरं. "वरून खाली उतरतंय," ते म्हणाले. "जिना उतरावा तसं, एकेक पायरी. घाई नाही त्याला." मग बायकांचे आवाज. त्यांच्या बायकोला, शालिनीबाईंना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. "ती गेली त्याच्या आधी दीड वर्ष तिचा आवाज गेला माझ्यासाठी. ती बोलायची, मी ओठ बघायचो. शेवटी दवाखान्यात तिच्या तोंडाला मास्क होता. काय म्हणाली ते मला कळलंच नाही."

आता ते बासपर्यंत आलं होतं. जी, डी, ए. ई तेवढी उरली होती.

मी चिडले. पाच-सहा महिने मी एका धडधाकट पेटीची चिरफाड करत होते आणि यांना माहीत होतं! मी जोरजोरात भांडले. बहिऱ्या माणसावर ओरडण्यात अर्थ नसतो, हे तेव्हा सुचलं नाही. सर माझे ओठ बघत राहिले. मग म्हणाले, सगळंच माहीत होतं असं नाही. प्रत्येक वेळी वाटायचं, या खेपेला खरंच पेटी असेल.

डॉक्टर काय म्हणतात, मी विचारलं. डॉक्टर म्हणाले होते, जपा. मोठ्या आवाजापासून, हादऱ्यापासून लांब राहा. घरी शांत बसलात तर खालचं आहे ते दोन-तीन वर्षं टिकेल. नाहीतर सांगता येत नाही.

"मग बसा ना घरी," मी म्हटलं.

"जपून ठेवून काय ऐकू? मिक्सर?"

त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या. एक म्हणजे निखिलला यातलं काही कळू द्यायचं नाही. द्राक्षं उतरली की मळ्यात दरवर्षी मोठा कार्यक्रम होतो, तेवढा पार पडेपर्यंत. त्यानंतर ते स्वतःच सांगणार होते आणि नांदगावला मुलीकडे जाणार होते. दुसरी गोष्ट पेटी. निखिलचा मित्र एका लाकडी खोक्यावर बसून तेच खोकं हातानं वाजवायचा. सरांनी ते बघून ठेवलं होतं. तो बसतो तर मी का नाही? बास वाजवणारे उंच स्टुलावर टेकतातच. स्टूल म्हणजेच पेटी केली तर? स्पीकर खाली, जमिनीकडे तोंड करून, आणि वर बसायला पातळ फळी.

"कानानं नको आता," सर म्हणाले. "बुडानं ऐकू दे. आणि हो, उचलता आली पाहिजे."

मी नाही म्हटलं. सरळ नाही. डॉक्टर हादऱ्यापासून लांब राहा म्हणतात आणि मी तुमच्या मणक्याखाली दहा इंची स्पीकर ठेवू? मला काय कसाई समजता? सर उठले, पेटी उचलली आणि गेले. ते जाताना मी दारात उभी राहून दोन्ही बाजूंनी गाड्या येतायत का बघत होते, आणि माझं मलाच कळलं की आता हे जन्मभर करावं लागणार.

पंधरा दिवस गेले. मग निखिल आला. पोरगा वाईट नाही, पण त्याला कसं बोलावं ते कळत नव्हतं. ताई, सरांचा आवाज हल्ली चावतो. लोक तक्रार करतात. मोठ्या कार्यक्रमाला पुण्याहून एक जण येतोय बास गिटार घेऊन, छान वाजवतो. सरांना तुम्ही समजावून सांगाल का? तुमचं ऐकतात ते.

तुमचं ऐकतात. मला हसावं की रडावं कळेना. खरं सांगायला तोंड उघडलं होतं, शपथ सांगते. पण बाहेर वेगळंच आलं. मी म्हटलं, सरांचं काही चुकत नाही, त्यांची पेटी बिघडली आहे. चूक माझी आहे. मी नवीन बनवतेय, ती ऐक आणि मग पुण्याचं ठरव.

वडिलांचा नियम असा मी शेवटचा वापरला. खोकं खोटं बोलतं, असं सांगून मी स्वतःच खोटं बोलले. आणि आता पेटी बनवणं भाग होतं.

तेवढं चांगलं काम मी आयुष्यात केलेलं नाही. उंच, चौकोनी, चार पायांची पेटी. स्पीकर खालून, कुठलाही कर्कशपणा नाही. मळ्यात वायरी ओढाव्या लागू नयेत म्हणून आत बॅटरी, चार तास चालणारी. बसायची फळी इतकी पातळ की हात ठेवला तर आतला सूर बोटांना लागावा, आणि तरी सरांचं वजन पेलावं. स्विच हँडलच्या खालीच, बोटाला सापडेल असा. सगळं मिळून अकरा किलो.

सर आले, हँडल धरलं, चालू पडले. या वेळी मी त्यांच्या मागून रस्त्याच्या बाजूनं चालत गेले, चिंचेपर्यंत आणि परत. दम नाही. मग त्यांनी थोरलीला कव्हरातून काढलं, पिन लावली, पेटीवर टेकले आणि ई छेडली.

आवाज पार मरेपर्यंत ते थांबले. मग म्हणाले, "आली." मग ए. "ही पण आली. पाठीतून वर आली." डी, जी. त्यांनी चर्चमधलं एक संथ गाणं सुरू केलं, अर्धा तास वाजवत राहिले, आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं ते पुसायला हात मोकळा नव्हता. मला आनंद झाला. आणि त्याच वेळी मी घाबरले. टेबलावरचे स्क्रू थरथरत एका बाजूला सरकत होते, आणि तेवढाच हादरा त्या किडकिडीत पाठीतून वर डोक्यात जात होता. आवाज कमी ठेवा, मी सावकाश, ओठ नीट हलवून सांगितलं. अर्ध्याच्या वर जायचं नाही. त्यांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली.

निखिलनं एकदाच ऐकलं आणि पुण्याचा विषय संपला.

मी सरांना शेवटचं पाहिलं ते त्या मळ्यातल्या कार्यक्रमात. द्राक्षं उतरून झाली होती, वेली छाटल्या होत्या, नुसते खुंट आणि तारा. ऊन उतरायला आलं होतं, धरणाकडून वारा सुटला होता. हिरवळीवर टेबलं, पन्नास-साठ माणसं. सर पेटीवर टेकलेले, थोरली कवेत, इस्त्रीचा पांढरा शर्ट. मी पहिल्या ओळीत बसावं, अशी त्यांनी अट घातली होती. प्रत्येक गाणं संपलं की ते माझ्याकडे बघायचे आणि मी ओठांनी म्हणायचे, छान.

आणि खरंच छान होतं. निखिलला मी इतकं चांगलं वाजवताना कधी ऐकलं नव्हतं. खालून कुणीतरी भक्कम धरून ठेवलं की वरच्याला उड्या मारता येतात, तसं ते चाललं होतं. लोक बोलायचे थांबले.

सहाव्या गाण्याला सरांचा हात खाली गेला आणि त्यांनी आवाजाचं बटण थोडं फिरवलं. सातव्याला आणखी. मी मान जोरजोरात हलवली, नको, नको. त्यांनी बघितलं आणि नजर काढून घेतली. आठव्याला बटण पूर्ण. माझ्या पायाखालची जमीन गुरगुरत होती, टेबलावरच्या ग्लासांत बारीक तरंग उठत होते. लोकांना ते भलतंच आवडलं. मला तिथून उठून पेटी बंद करावीशी वाटली. मी उठले नाही. साठ माणसांसमोर त्यांना मी काय सांगणार होते?

शेवटच्या गाण्यात सर आवाजासाठी पेटीवर आणखी आणखी दबून बसत होते. मग अचानक ते दबणं थांबलं. पाठ सरळ झाली. त्यांनी निखिलच्या ताल देणाऱ्या पायावर नजर लावली आणि ती तिथून हलवलीच नाही. एकही सूर चुकला नाही. पन्नास वर्षांचा हात होता, तो चुकणार नव्हता. पण गाणं संपलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. टाळ्या पडत होत्या, लोक उभे राहिले होते, आणि निखिलनं खांद्याला हात लावेपर्यंत सर त्याच्या बुटाकडे बघत होते.

मला कळलं. मीच ती पेटी बनवली होती, मला नाही कळणार तर कुणाला?

गर्दीतून त्यांच्यापर्यंत जायला मला वेळ लागला. तोवर त्यांनी थोरलीला ताडपत्रीत घालून पाठीवर घेतलं होतं. अंधारून येत होतं म्हणून असेल, पण पिन काढायची राहिली. वायर कव्हराच्या फटीतून पेटीत गेलेली तशीच. पेटी चालू, बटण पूर्ण. त्यांनी ती डाव्या हातानं उचलली आणि थोरलीच्या अंगाला लागली मात्र, आवाज सुरू झाला. माझ्या दुकानातली ती शिट्टी होती ना, तिचाच हा खालचा भाऊ. पेटी बासला हलवते, बासची तार पेटीला वाजवते, आणि कुणी मधे पडेपर्यंत ते थांबत नाही. ई. लांब, एकसारखी, न तुटणारी ई. सगळा मळा त्यानं भरून गेला. माणसं वळून बघायला लागली. कुणीतरी कान झाकले. आणि त्या आवाजाच्या मधोमध सर थोरली पाठीवर आणि पेटी हातात घेऊन शांतपणे रिक्षाकडे चालले होते.

निखिल धावत माझ्या बाजूला आला आणि थांबला. मागून त्यानं जोरात हाक मारली, सर! पुन्हा मारली. मग माझ्याकडे बघितलं. आता त्याला सांगायचं काही उरलं नव्हतं. तो पुढे जायला लागला तसा मी त्याचा हात धरला आणि स्वतः गेले.

मी सरांच्या बरोबरीला पोचले. हँडलखालच्या स्विचवर माझं बोट गेलं, अंधारातही नेमकं, कारण तो मीच बसवला होता. त्याच वेळी सरांनी मला पाहिलं. ते थांबले. त्यांचा चेहरा उजळला होता, इतका की मला बघवेना.

"सुनीता," ते म्हणाले, "मला वाटलं होतं, गेली. मगाशी वाटलं, आता ही पण गेली. पण आहे. ई अजून आहे. ऐकू येतेय."

त्यांना ती कानात ऐकू येत होती की पाठीतून आणि हातातून, ते मला माहीत नाही. कधी कळणारही नाही. माझं बोट स्विचवर होतं. मी ते काढून घेतलं.

एकनाथनं थोरलीला रिक्षात आडवं घातलं, मान बाहेर, लाल फडकं. तिच्या शेजारी पेटी. दोघी जवळ आल्या तसा आवाज आणखी भरला. सर मधे बसले, एक हात हिच्यावर, एक तिच्यावर. एकनाथ माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, हे बंद नाय होत का? रस्त्यानं लोक काय म्हनतील?"

"होतं," मी म्हटलं. "पण राहू दे. हळू ने."

रिक्षा मळ्याच्या कच्च्या रस्त्यानं निघाली. वळणापलीकडे दिसेनाशी झाली तरी तो आवाज येत राहिला. बॅटरी चार तासांची होती, त्यातले अडीच संपले होते. जेल रोडचं घर पाऊण तासावर. म्हणजे घरी पोचल्यावरही थोडी उरणार होती.